शाळेनंतरचा ‘पूल’ : एका परिभाषेची चिकित्सा

१९८४ साली अमेरिकेच्या संघीय शिक्षणखात्यात विशेष शिक्षण व पुनर्वसन या विभागाच्या प्रमुख असलेल्या मॅडलिन विल यांनी एक छोटेखानी धोरणपत्र प्रसिद्ध केले. विकलांग विद्यार्थी शाळेबाहेर पडल्यावर त्यांचे पुढे काय होते, हा त्याचा विषय होता. पत्राच्या शीर्षकातच शाळेपासून कामाच्या जीवनापर्यंत नेणाऱ्या पुलांची कल्पना होती. पत्र लहान असले तरी त्याने या क्षेत्रात दोन गोष्टी रूढ केल्या : ‘ट्रान्झिशन’ ही संज्ञा आणि पुलाचे रूपक. त्यानंतरच्या चार दशकांत विशेष शिक्षणाविषयीचे जगभरचे लेखन या दोहोंच्या आधाराने चालत आले आहे. मराठीत या विषयावर जे थोडेबहुत लिहिले जाते त्यातही ‘संक्रमण’ हा शब्द आणि पुलाची प्रतिमा हीच जोडी आढळते. या धोरणांचे फळ काय मिळाले याचा निर्णय आकडेवारी करील. परंतु धोरण ज्या भाषेत मांडले जाते ती भाषा विद्यार्थ्याला वाक्यात कोणते स्थान देते, हा प्रश्न भाषाभ्यासकाच्या कक्षेतला आहे, आणि तो वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

विल यांनी तीन पूल कल्पिले होते. काही विद्यार्थ्यांना खास मदतीची गरजच नसते. गावात सर्वांसाठी ज्या सोयी असतात त्यांच्यावरून ते पलीकडे जातात. काहींना ठराविक मुदतीची मदत लागते. प्रशिक्षण मिळाले, नोकरी लागली, की ती थांबते. तिसऱ्या वर्गाला काम मिळाल्यानंतरही मदत चालूच ठेवावी लागते. यांपैकी तिसरा पूल हा विल यांच्या विचाराचा खरा विशेष होय. तोपर्यंतचा समज असा होता की, ज्याला नोकरीतही सतत आधार लागतो तो नोकरीला पात्रच नाही. त्याने कार्यशाळेत बसून राहावे. हा समज त्या पत्राने अमान्य केला. त्याचे श्रेय विल यांना निःसंशय दिले पाहिजे.

पण तिन्ही पूल पोचत होते ते एकाच काठावर, आणि त्या काठाचे नाव ‘नोकरी’ असे होते. अँड्र्यू हाल्पर्न यांनी दुसऱ्याच वर्षी, १९८५ मध्ये, यावर आक्षेप घेतला. माणूस नोकरी करतो म्हणजे तो प्रौढ जीवन जगतो असे होत नाही. तो कोठे व कसा राहतो, त्याला मित्र आहेत की नाहीत, सायंकाळी त्याच्याकडे कोणी येते की नाही, या गोष्टी नोकरीइतक्याच महत्त्वाच्या आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी समाजात नीट राहणे हे ध्येय मानले आणि ते निवास, काम व माणसांचे संबंध अशा तीन खांबांवर उभे केले. यांपैकी एका खांबाच्या बळकटीवरून दुसऱ्याची खात्री देता येत नाही, हा त्यांच्या लेखातील सर्वांत मोलाचा मुद्दा होय. पगार घेऊन घरी येणारा आणि घरी आल्यावर कोणाशीही न बोलणारा तरुण हा या मुद्द्याचा जिताजागता दाखला असतो.

हाल्पर्न यांनी काठ रुंद केला. पूल मात्र तसाच ठेवला. आणि अडचण पुलातच आहे. पूल दुसऱ्याने बांधलेला असतो. त्याचे दोन्ही काठ आधीच ठरलेले असतात. चालणाऱ्याला पुलावर काही ठरवावयाचे नसते. त्याने सरळ चालावयाचे, आणि शक्यतो वाटेत थांबावयाचे नाही. परत फिरणे हे तर अपयशच मानले जाते. वस्तुतः कोणताही तरुण प्रौढ होतो तो असा होत नाही. तो एक काम धरतो, सोडतो, घरी परततो, पुन्हा बाहेर पडतो. ही मुभा इतर मुलांना सहज मिळते, आणि विकलांग मुलाच्या बाबतीत मात्र पहिलेच पाऊल अखेरचे ठरते.

मराठीत आल्यावर या परिभाषेची आणखी पंचाईत होते. ‘संक्रमण’ हा शब्द जुना व भारदस्त आहे. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो त्याला संक्रमण म्हणतात. परंतु ही क्रिया ठरल्या क्षणी आपोआप घडते. तीत कोणाची इच्छा नाही, तयारी नाही, शिकणे नाही. शिवाय हिंदीच्या मार्गाने आलेला रोगसंसर्गाचा अर्थ २०२० च्या महासाथीनंतर या शब्दाला इतका घट्ट चिकटला आहे की, ‘विकलांग विद्यार्थ्यांचे संक्रमण’ हे शब्द ऐकून पालक दचकला तर त्याला दोष देता येणार नाही. पुलाचीही तीच गत. मराठी कानाला ‘पैलतीर’ म्हटले की परलोकाची आठवण होते, नोकरीची होत नाही. रूपक हवेच असेल तर कोकणातला साकव अधिक जवळचा आहे. ओढ्यावर पोफळीचे किंवा माडाचे ओंडके टाकून गावकरी तो बांधतात. पावसाळ्यात तो वाहून जातो आणि पुन्हा बांधावा लागतो. ज्यांना पलीकडे जावयाचे असते तेच तो बांधावयाला येतात. एकदा बांधला की काम संपले, ही समजूत साकवाच्या बाबतीत कोणी करून घेत नाही.

रूपकाकडून कायद्याच्या वाक्याकडे वळले म्हणजे हाच दोष अधिक स्पष्ट होतो. अमेरिकेत १९९० मध्ये विकलांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा दुरुस्त झाला आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या वैयक्तिक शिक्षणयोजनेत वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत शाळेनंतरच्या जीवनाचा विचार आलाच पाहिजे, असे बंधन घातले गेले. १९९७ मध्ये त्याची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत मागे नेण्यात आली; २००४ मध्ये ती पुन्हा सोळावर आली. कायद्यातील व्याख्येचे मुख्य पद ‘कार्यांचा सुसूत्र संच’ असे आहे. हा संच कोणासाठी, तर मुलासाठी. कशाकरिता, तर त्याचे शाळेतून पुढे जाणे सुकर व्हावे याकरिता. मूल या वाक्यात येते ते ‘साठी’ या शब्दयोगी अव्ययाच्या आश्रयाने. त्याच्या आवडीनिवडी येतात त्या ‘लक्षात घेऊन’ या धातुसाधिताच्या पोटात. लक्षात घेणारा कोण, हे वाक्य सांगत नाही. पण तो विद्यार्थी नव्हे, एवढे निश्चित.

तरीही त्या कायद्यात दोन तरतुदी अशा आहेत की, ज्यांनी वाक्यरचनेचा हा दोष व्यवहारात थोडा सौम्य केला. शाळेनंतरची योजना ज्या बैठकीत ठरावयाची त्या बैठकीस विद्यार्थ्याला बोलावलेच पाहिजे, ही पहिली. आणि कायद्याने तो प्रौढ होण्याच्या निदान एक वर्ष आधी, आता कोणते हक्क पालकांकडून तुझ्याकडे येणार आहेत, हे त्याला सांगितलेच पाहिजे, ही दुसरी. पहिल्या तरतुदीने विद्यार्थी निदान खोलीत येतो. बैठकीला बोलावलेला विद्यार्थी पुष्कळदा गप्प बसून राहतो, हे खरे. पण खोलीत असलेल्या गप्प माणसाविषयी बोलताना लोक जरा जपून बोलतात.

भारतात या अवस्थांतरासाठी असे स्वतंत्र वाक्यच नाही. २०१६ चा विकलांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी त्याने एकवीस प्रकार मानले, सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा तीन टक्क्यांवरून चार टक्के केल्या आणि बौद्धिक अक्षमता व स्वमग्नता असलेल्यांना प्रथमच त्यांत वाटा दिला. विकलांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि तिला अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती करता येणार नाही, असेही तो म्हणतो. हाल्पर्न यांना जे हवे होते त्यातील बरेचसे येथे तत्त्वतः आले आहे. पण शाळा व प्रौढ जीवन यांच्या सांध्यावर हा अधिनियम वाचून पाहावा. सोळावे कलम प्रत्येक विकलांग विद्यार्थ्याची प्रगती व शिक्षणाची पूर्तता यांवर देखरेख ठेवावयास सांगते. एकतिसावे कलम ठराविक प्रमाणाहून अधिक विकलांगता असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देते. एकोणिसावे कलम शासनाने व्यवसायप्रशिक्षण व स्वयंरोजगार यांच्या योजना आखाव्यात असे सांगते. सत्ताविसावे कलम पुनर्वसनाच्या सेवांविषयी आहे, परंतु त्याला शासनाच्या आर्थिक कुवतीची अट जोडलेली आहे. पूर्ततेपर्यंत देखरेख आहे, आणि पलीकडे योजना आहे. अठरावे वर्ष पुरे झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलाची नोंद कोणाच्या वहीतून कोणाच्या वहीत जावयाची, याचे वाक्य या दोहोंच्या मध्ये कोठेच नाही.

यातली एक विसंगती विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. एकतिसाव्या कलमात मुलाला शेजारची शाळा किंवा विशेष शाळा यांतील ‘त्याच्या पसंतीची’ शाळा घेण्याचा हक्क आहे. एकोणिसाव्या कलमात प्रशिक्षण आहे, कर्ज आहे, मालाच्या विक्रीची सोय आहे. पसंती मात्र नाही. सहा वर्षांच्या मुलाला कायदा निवड देतो आणि अठरा वर्षांच्या तरुणाला योजना देतो.

महाराष्ट्रातील व्यवहाराची भाषा या पार्श्वभूमीवर तपासण्यासारखी आहे. या क्षेत्रात नामांची उलथापालथ फार झाली. ‘अपंग’ गेला, ‘विकलांग’ आला. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ शब्द सुचविला आणि अल्पावधीत तो सरकारी पाट्यांवर चढला. २०२२ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निघाला. ‘मतिमंद’ची जागा ‘बौद्धिक अक्षमता’ घेत आहे. हे बदल निरर्थक आहेत असे नाही. मुलाला हाक मारण्याच्या शब्दाने त्याचा अपमान होऊ नये, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु नामांवर एवढा खल होत असताना क्रियापदांकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. अहवाल उघडावा, तर ‘लाभार्थ्यांना साहित्याचे वाटप करण्यात आले’, ‘विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देण्यात आले’, ‘त्यांचे पुनर्वसन करण्यात येईल’. ‘करण्यात आले’ या रचनेत कर्ता लुप्त होतो. आणि ज्याच्यावर क्रिया घडते तो ‘ला’ प्रत्यय लावून उभा राहतो. ‘पुनर्वसन’ हा शब्दही येथे अडखळतो. धरणग्रस्तांचे पुनर्वसन होते, कारण त्यांचे गाव पूर्वी वसलेले होते. जो तरुण अजून कोठे वसलाच नाही त्याला पुन्हा वसविणार ते कोठे?

मराठी विद्यार्थ्याला कर्तरी, कर्मणी व भावे हे तीन प्रयोग शाळेत शिकविले जातात. त्यांचा उपयोग पुढे क्वचितच होतो. येथे तो होतो. विशेष शाळेतून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीविषयी घरचे लोक किंवा शिक्षक सहजपणे म्हणतात : ‘तिला कर्मशाळेत घातले’, ‘तिला शिवणाला बसवले’, ‘तिला पणत्या रंगवायला लावले’. तिन्ही वाक्ये भावे प्रयोगाची आहेत. क्रियापद ना कर्त्याप्रमाणे चालते, ना कर्माप्रमाणे. ते नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते. शिवाय ‘बसवणे’, ‘लावणे’ हे प्रयोजक धातू आहेत : ती बसली नाही, तिला बसवले. घालणारा, बसवणारा, लावणारा वाक्याबाहेर असतो.

आता ‘तिला शिवण आवडते’ हे वाक्य घ्यावे. येथेही ‘तिला’ आहे. प्रत्यय तोच, रूप तेच. परंतु आवड जिच्या मनात आहे ती हीच व्यक्ती. अशा वाक्यातील ‘तिला’ हे पद कर्ता मानावे की नाही याविषयी व्याकरणकारांत एकमत नाही. आधुनिक भाषाशास्त्रात त्याची एक कसोटी वापरतात, ती ‘आपला’ या सर्वनामाची. ‘आपला’ हे साधारणतः वाक्यातील कर्त्याकडे बोट दाखवते. ‘तिला आपले काम आवडते’ असे म्हटले, तर काम तिचे. ‘तिला आपल्या कामाला बसवले’ असे म्हटले, तर काम बसवणाऱ्याचे. दोन्ही वाक्यांत ‘तिला’ सारखेच दिसते. काम कोणाचे, हे मात्र बदलते. कर्मशाळेच्या भिंतीआड जे घडते त्याची परीक्षा करावयाची झाली तर याहून नेमकी कसोटी सापडणे कठीण.

याचा अर्थ कर्मशाळा ही वाईट संस्था आहे असा नव्हे. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ मध्ये निघाली, पुण्यातील ‘कामायनी’ १९६४ मध्ये. त्या काळी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला शाळेत घेणे हेच धाडस होते. आणि घेतलेली मुले मोठी झाल्यावर त्यांचे काय, हा प्रश्न अशा शाळा चालविणाऱ्यांना कोणत्याही कायद्याच्या आधी भेडसावला. काम शिकविणे हे त्यांना सुचलेले उत्तर होते, आणि अनेक घरांना त्याने मोठा दिलासा दिला. दिवसभर खोलीत बसून राहण्यापेक्षा चार मैत्रिणींत बसून तोरण ओवणे केव्हाही बरे. आक्षेप आहे तो, हे उत्तर सर्वांना सारखेच लागू करण्यास. मेणबत्त्या, पणत्या, राख्या, कागदी पिशव्या, उदबत्त्या ही यादी कोकणापासून विदर्भापर्यंत जवळजवळ तीच आढळते. मुलांच्या आवडी एवढ्या एकसारख्या असणे संभवत नाही. ही यादी दिवाळीच्या बाजारावरून आणि शिकविणाऱ्याच्या सोयीवरून ठरलेली आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

प्रौढ होण्याला मराठीत कायद्याचा शब्द आहे ‘सज्ञान’. १८७५ च्या कायद्यापासून त्याची सीमा सर्वसाधारणपणे अठरा वर्षांची आहे. ज्याला अठरा पूर्ण झाली नाहीत तो ‘अज्ञान’. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावाशी ‘अ.पा.क.’ ही अक्षरे व पालकाचे नाव असते. वारस सज्ञान झाला की अर्ज करून ती काढून टाकता येतात. वय मोजणाऱ्या शब्दात ज्ञानाची कल्पना शिरल्यामुळे मराठी बोलणाऱ्या समाजात एक गैरसमज सहज रुजला आहे : ज्याला ‘ज्ञान’ कमी, तो सज्ञान होतच नाही. वास्तविक कायदा तसे म्हणत नाही. बौद्धिक अक्षमता असलेली मुलगीही अठरा वर्षांची झाली की सज्ञानच असते. तिच्या आईवडिलांना याचा पत्ता लागतो तो बहुधा बँकेच्या खिडकीपाशी. आजवर त्यांची सही चालत होती. आता ती चालत नाही, आणि मुलीची सही कोणी घेत नाही.

येथे दोन कायदे शेजारी शेजारी उभे आहेत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकाची नेमणूक करून घेता येते. अर्ज आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करते. २०१६ च्या अधिनियमाचे चौदावे कलम मात्र ‘मर्यादित पालकत्वा’ची कल्पना मांडते आणि तिचा अर्थ परस्परांच्या समजुतीने व विश्वासाने घेतलेला संयुक्त निर्णय असा देते. भारताने २००७ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील बारावे कलम याच दिशेचे आहे : विकलांग व्यक्तीला कायद्यापुढे इतरांइतकीच कर्तृत्वक्षमता आहे, आणि निर्णयासाठी लागणारी मदत तिला मिळाली पाहिजे. एका कायद्यात पालक तिच्या वतीने ठरवतो; दुसऱ्यात ती पालकाच्या मदतीने ठरवते. व्यवहारात पहिलाच मार्ग अधिक वापरला जातो, कारण त्यातून हातात एक दाखला मिळतो आणि खिडकीपलीकडच्या माणसाला दाखला लागतो. वृद्ध होत चाललेल्या आईबापांची निकड येथे ध्यानात घेतली पाहिजे. आपल्यामागे हिचे काय, हा प्रश्न उरात घेऊन जगणाऱ्याला कलमांतील सूक्ष्म भेद समजावून सांगणे सोपे नाही. तरीही हा भेद दाखल्याच्या सोयीसाठी पुसून टाकला तर अठरा वर्षांच्या शिक्षणाने त्या मुलीला काय दिले, हे सांगणे अवघड होईल.

‘तिला काय आवडते’ हे कळावयाचे कसे, असा प्रश्न यावर केला जातो, आणि तो खराच कठीण आहे. ज्यांचे बोलणे तुटक आहे किंवा मुळीच नाही अशा तरुणांना विचारणे हे कसबाचे काम आहे, आणि मराठीची नेहमीची विचारण्याची पद्धत त्याला प्रतिकूल आहे. ‘तुला हे काम आवडते ना?’ असे विचारले जाते. त्यातल्या ‘ना’ने उत्तर आधीच देऊन ठेवलेले असते, समोरच्याने फक्त मान हलवावयाची. कॅरल सिगलमन व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती ‘हो की नाही’ स्वरूपाच्या प्रश्नांना, अर्थ नीट कळला नसला तर विशेषच, ‘हो’ म्हणण्याकडे झुकतात. परस्परविरुद्ध दोन प्रश्नांनाही ‘हो’ येऊ शकते. त्यात नवल नाही. लहानपणापासून ‘हो’ म्हटल्यावर शाबासकी आणि ‘नाही’ म्हटल्यावर ‘हट्टी’ हे विशेषण मिळालेल्या मुलाने दुसरे काय शिकावे? ‘हे की ते’ असे विचारले तर स्थिती सुधारते. पण काहीजण शेवटी ऐकलेला पर्याय उचलतात. चित्रे समोर ठेवली तर ही अडचण बरीच कमी होते.

शिक्षकाला यातून करता येण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी नव्या योजनेची वाट पाहावी लागत नाही. ‘ना’ गाळावा. दोन कामांची छायाचित्रे समोर ठेवावीत, आणि काही दिवसांनी तीच छायाचित्रे डावी-उजवी बदलून पुन्हा ठेवावीत. बोट दोन्ही वेळा एकाच चित्राकडे गेले तर त्याला उत्तर म्हणावे. हा प्रकार अठराव्या वर्षी नव्हे, चौदाव्या वर्षी सुरू करावा, आणि प्रथम नोकरीविषयी नव्हे, डब्यातील भाजीविषयी विचारावे; ज्याला भाजी कधी निवडू दिली नाही त्याने काम निवडावे ही अपेक्षा अवाजवी आहे. शिवाय ज्याने बेकरी पाहिलेली नाही त्याला ‘बेकरी’चे चित्र दाखवून उपयोग नाही. त्याला आठ दिवस तेथे नेले पाहिजे, भट्टीची धग आणि पहाटेची वेळ सोसते की नाही हे त्याचे त्याला कळू दिले पाहिजे, आणि नवव्या दिवशी तो जावयाला तयार झाला नाही तर ते उत्तर म्हणून वहीत लिहून घेतले पाहिजे : ‘त्याला बेकरी आवडली नाही.’